मनीचे दुधाचे दात

दंतवैद्यांच्या एका सभेत मी एकदा एका डॉक्टरची गोष्ट सांगितली होती. त्याच्या हातून एका गरोदर बाईला नको ते औषध गेलं आणि तिच्या मुलीचे दुधाचे दात तपकिरी होऊन उगवले. त्या डॉक्टरचा उल्लेख मी ‘आमचा एक व्यवसायबंधू’ असा केला. सभेला गोष्ट पटली, टाळ्याही पडल्या. तो व्यवसायबंधू म्हणजे मीच. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या आग्रहामुळे मी त्या सभेत निबंध वाचला त्या प्रसूतिगृहाच्या ताईंना नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

संपादकांनी खरं म्हणजे ‘दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा’ असं कळवलं होतं. गमती पुष्कळ आहेत, त्याही सांगतो. पण लिहायला बसलो की प्रत्येक गमतीच्या आड ही गोष्ट येते. म्हणून ती आधी कबूल करून टाकली. आता हात जरा हलका चालेल.

माझा दवाखाना नाशिकला, रविवार कारंज्याजवळ, एका दुकानाच्या वर. लाकडी जिना इतका उभा, की वर येईपर्यंत माणसं दात विसरून गुडघ्यांची तक्रार सांगू लागत. मदतीला श्रीपत. तोच कंपाउंडर, तोच नावं पुकारणारा, आणि दात काढताना पेशंटचं डोकं धरणाराही तोच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी बसायला लागलो तेव्हा दात दुखतो म्हणून आमच्याकडे कुणी येत नसे. झोप लागत नाही म्हणून येत. लवंग झालेली असायची, हिंग झालेला असायचा, गालावर बिब्ब्याचा चट्टा असायचा. सगळ्या देवांना विचारून झाल्यावर शेवटी आम्ही. सातपूरचे कामगार पाळी सुटली की तसेच तेलकट हातांनी यायचे. “डॉक्टर, उद्या फर्स्ट शिफ्ट आहे, तपासत बसू नका, उपटा.” दात वाचवता येतो हे त्यांना पटवण्यात माझी निम्मी उमेद गेली.

मग मी एक्स-रेचं मशीन घेतलं. मुंबईच्या एका डॉक्टरांनी वापरून सोडलेलं, लांब मानेचं, बगळ्यासारखं. आमच्या गल्लीत त्याचं इतकं अप्रूप, की काही दिवस लोक दात न दुखताही वर येऊन बघून जात. बाहेरच्यांसाठी सांगतो, यात जादू काही नाही. काडेपेटीच्या लेबलाएवढी एक फिल्म असते. ती दाताच्या आतल्या बाजूला ठेवायची आणि पेशंटनंच अंगठ्यानं दाबून धरायची. बाहेरून गालाला मशीनचं तोंड लावायचं, बटण दाबायचं. नंतर न्हाणीघरात लाल दिवा लावून, फिल्म औषधाच्या पाण्यात धुवायची आणि चिमट्याला टांगायची. हाड पांढरं दिसतं, दात आणखी पांढरा, आणि मुळाशी पू असेल तिथं काळी सावली. आमचं सगळं शहाणपण त्या काळ्या सावलीत.

वीज मात्र मनासारखी नसायची. दाब कमी असला की फिल्म फिकी यायची. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातला एक ऑपरेटर माझा पेशंट होता. त्याचा फोटो फिका आल्यावर मी म्हटलं, “तुम्हीच करंट कमी पाठवलात, भोगा आता.” तो तोंडात कापूस धरून म्हणाला, “मग डॉक्टर, तक्रार मी कुणाकडे करू? तक्रारी घ्यायलासुद्धा मीच बसतो.” पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षवाल्यानं आपला फोटो खिडकीशी धरून कितीतरी वेळ पाहिला आणि खिन्न होऊन विचारलं, “डॉक्टर, दात आहेत सगळे, पण यात मी हसतोय कुठं?”

शिशाचा एक जड अंगरखाही मी आणला होता. किरणांपासून रक्षण व्हावं म्हणून. तो खुंटीला असायचा आणि बटण दाबताना तो मी घालायचो. मी. पेशंटला घालायचा असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मला दिवसभर काम करायचंय, त्यांचं काय, एकदाच तर, असा माझा हिशेब होता. हे लिहिताना लाज वाटते, पण आज लाज वाटण्यासाठीच बसलोय.

आता नियमाचं सांगतो. गरोदर बाईच्या दाताला हात लावायचा नाही, हा माझा नियम. फोटो नाही, इंजेक्शन नाही, दात काढणं तर नाहीच. लवंगेचं तेल द्यायचं आणि म्हणायचं, बाळंतपण झाल्यावर या. मी हे शास्त्र म्हणून सांगायचो. शास्त्र तसं नव्हतं. मधले महिने बरे असतात, काळजी घेऊन पुष्कळ करता येतं, हे पुस्तकात तेव्हाही होतं. पण माझ्या एका ज्येष्ठ मित्रानं दुसऱ्या एका गावात गरोदर बाईचा दात काढला, पुढं काही दिवसांनी तिचा गर्भ गेला. दोन्हींचा संबंध नव्हता. तरी लोकांनी त्याची खुर्ची रस्त्यावर आणून फोडली. ती खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर होती. नियम तिथून आला.

आणि नियम पाळायचा तर विचारायला हवं. मी मुळात भिडस्त. परक्या तरण्या बाईला तोंडावर विचारणार कसं? आमच्याकडे रीतही तशी नव्हती. बाईबरोबर सासू असायची, आई असायची, निदान जाऊ तरी. मी त्यांच्याकडे बघून विचारायचो, “काही नाही ना?” त्या म्हणायच्या, “नाही नाही.” झालं. प्रश्नच असा, की त्याला ‘हो’ म्हणणं म्हणजे उलट बोलल्यासारखं. पण हे मला पुढं फार वर्षांनी कळलं.

पार्वताबाई मखमलाबादकडच्या. घरचा मळा, भाजी आणि फुलं. त्या स्वतः पहाटे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, फुलं घेऊन बसायच्या. त्यांची कवळी मी केली होती आणि मी केलेल्या कवळ्यांत तिच्याएवढं कौतुक दुसऱ्या कुठल्याही कवळीच्या वाट्याला आलं नाही. गिऱ्हाइकासमोर ती काढून त्या दाखवायच्या, “बघ बया, आपल्या डाक्टरनं केली. ऊस खाते मी ऊस.” दसऱ्याला मशीनच्या पूजेसाठी झेंडू त्यांच्याच मळ्यातून यायचा. त्या जिना चढताना खालूनच ओरडायच्या, “श्रीपत्या, तुझ्या मशिनीला माळ आणली रे!”

एका उन्हाळ्यात त्या सुनेला घेऊन आल्या. सुमन. अंगानं काडी, गाल मात्र आंब्यासारखा सुजलेला, पदर दातांत धरलेला.

“डाक्टर, ही आमची सुमी. कवापासून घरात कुणाला झोपू देत नाय. म्हशीसुदिक जाग्या.”

सुमन त्या दुखण्यातही हसली. मी पार्वताबाईंकडे पाहिलं. “काही नाही ना?”

“नाय नाय. काय नाय. बिनघोर बघा तुम्ही.”

खुर्चीवर बसताना सुमननं एक हात कमरेला लावला आणि दुसऱ्या हातानं खुर्ची धरून हळूच टेकली. तशी बसायची पद्धत मी ओळखतो. माझ्या घरात मी ती पाहिली होती. मला दिसलं. मी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं आणि ‘हो’ आलं असतं, तर त्या सुजलेल्या गालानिशी तिला परत पाठवावं लागलं असतं. तसं नको होतं. विचारून झालंय, उत्तर मिळालंय, असं मी मनाशी म्हणालो.

फोटो घेतला. अंगरखा माझ्याच अंगावर. खालच्या दाढेच्या मुळाशी मोठी काळी सावली. सूज उतरवायला मी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सुली दिल्या. त्या काळी सगळेच द्यायचे. सुई टोचावी लागत नाही, म्हणून लोकही खूश असायचे. सूज उतरल्यावर दाढ काढली, जखम चिघळू नये म्हणून पुन्हा त्याच कॅप्सुली. जाताना सुमन म्हणाली, “रातभर झोपले डाक्टर. सासूबाईंनी उठवलं तवा वाटलं, मी मेले का काय.” इतक्या मनापासून माझे आभार क्वचितच कुणी मानले असतील.

दसऱ्याला झेंडू आला आणि त्याबरोबर पेढाही. “नात झाली!” पार्वताबाई म्हणाल्या. मी मनातल्या मनात महिने मोजले आणि हातातला पेढा तसाच राहिला.

“पार्वताबाई, म्हणजे तेव्हा...”

“पाचवा व्हता!” त्या खो-खो हसत सुटल्या. “हो म्हटलं असतं तर तुम्ही लावलं असतं ना परत! आमच्या शेजारच्या कमळीला नाय का, त्याल देऊन वाटंला लावलं. बाळंत होईस्तोवर भिंतीला डोकं आपटीत व्हती ती. सुमीला म्हटलं, तू गप ऱ्हा, मी बोलते.”

श्रीपतही हसला. मीही हसलो. ‘मुलगी कशी आहे’ असं विचारताना माझा आवाज बदलला असावा, कारण त्या एकदम प्रेमानं म्हणाल्या, “लोण्याचा गोळा हाय. काय झालं नाय तिला. तुमच्या हाताला गुण हाय.”

मला भीती फोटोची होती. मूल धडधाकट म्हटल्यावर ती गेली. खरं तर त्या एवढ्याशा किरणानं, गालापासून पोटापर्यंतच्या अंतरावर, फारसं काही होणारच नव्हतं; अंगरखा तिच्या अंगावर असता तर मुळीच नाही. कॅप्सुलींचं आठवलं नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. आठवलं. पण लोण्याच्या गोळ्याला दात यायला अजून अवकाश होता.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. बाळाचे दुधाचे दात जन्मानंतर दिसतात, पण घडतात पोटात. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून हिरडीच्या आत त्यांच्यात चुना भरत जातो. हे औषध आईच्या रक्तातून तिथं पोचलं की त्या चुन्याला चिकटतं आणि दाताच्या अंगातच राहतं. दात येतो तो डागासकट येतो. वरून लागलेला डाग नव्हे, की घासला आणि गेला. म्हणूनच गरोदर बाईला हे औषध देऊ नये. हे मला माहीत होतं. म्हणूनच तर मी विचारत होतो.

मनी तीनेक वर्षांची असताना सुमन तिला घेऊन आली. बरोबर पार्वताबाई. पोरगी बोलकी, पण बोलताना तोंडावर हात.

“कशी आहेस गं?” मी विचारलं.

“मी म्हातारी नाय,” ती हाताआडून म्हणाली.

“गल्लीतली पोरं चिडवतात,” सुमन म्हणाली. “मिसरीवाली म्हातारी म्हणतात.”

खूप विनवण्या केल्यावर, श्रीपतनं मांजराचा आवाज काढून दाखवल्यावर, मनीनं तोंड उघडलं. पुढचे सगळे दात तपकिरी, वर राखाडी आडवे पट्टे. दात भक्कम, कीड नाही. असा रंग दुसऱ्या कशानं सहसा येत नाही. मी आरसा बाजूला ठेवला.

“घासून निघंल का?” सुमननं विचारलं.

“कशाचं निघतंय,” पार्वताबाई मध्येच म्हणाल्या. “पोटुशी असताना हिनं माती खाल्ली डाक्टर. भाजकी माती. कपाटात लपवून ठेवायची. मी म्हणत व्हते, खाऊ नको, पोराच्या अंगाला लागंल. तर अंगाला नाय, दाताला लागली.”

त्या चिडून बोलत नव्हत्या. घरातली एक ठरून गेलेली गोष्ट सांगावी तसं सांगत होत्या. सुमननं मान खाली घातली. मग माझ्याकडे पाहून विचारलं, “खाल्ली व्हती डाक्टर. चटक लागली व्हती. तिनंच झालं का हो?”

किती बायका तशी माती खातात! त्यानं असं होत नाही. ‘नाही’ एवढी दोनच अक्षरं मला उच्चारायची होती. पण ‘नाही’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला असता, मग कशानं? आणि पार्वताबाई गंगेवर बसायच्या. अर्धं नाशिक त्यांच्यासमोरून जायचं.

मी म्हणालो, “अशा गोष्टींचं नक्की सांगता येत नाही. दुधाचेच दात आहेत, पडून जातील. पुढचे पांढरे येतील.”

दुसरं-तिसरं वाक्य खरं होतं. त्यांच्या आडोशाला मी पहिलं उभं केलं. सुमन पदरानं मनीचं तोंड पुसत जिना उतरली.

त्यानंतर मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. मी विचारलं होतं ना? त्याच खोटं बोलल्या ना? दुधाचेच दात ना? सगळी उत्तरं माझ्या बाजूची होती आणि तरी सुमन भेटली की मी तिच्याशी जास्त गोड बोलायचो. श्रीपत एकदा म्हणालाही, “साहेब, मखमलाबादवाल्यांना तुम्ही नंबराशिवायच आत घेता.”

सुमनला पुन्हा दिवस गेले तेव्हा ही गोष्ट दुधाच्या दातांएवढी लहान नाही हे मला कळलं. आमच्या जवळच एक प्रसूतिगृह होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना आम्ही सगळे ताई म्हणायचो. माझ्याहून वडील, तोंडानं फटकळ, हातानं मऊ. त्या एकदा चहाला बोलावून म्हणाल्या, “अरे, तुझी ती मखमलाबादची पेशंट आलीय माझ्याकडे. रक्त नाही अंगात, आणि लोहाच्या गोळ्या घ्यायला तयार नाही. जेवतेसुद्धा भीत भीत. म्हणते, पहिल्या पोरीचं तोंड माझ्या खाण्यानं नासलं, आता माझ्या पोटात भाकरीशिवाय काही जायला नको. दाढ ठणकतेय ती वेगळीच. तुझ्याकडे जा म्हटलं, तर नको म्हणते. कुणी भरवलंय तिला हे?”

मी म्हणालो, “बघतो.”

त्या रविवारी स्कूटर घेऊन मखमलाबादला गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. मळ्यात पोचलो तर घरात एकच धांदल. “डाक्टर आले! आवो, खाट टाका!” पार्वताबाईंनी कवळी शोधून तोंडात बसवली, मगच पुढं आल्या. चहा झाला, कांद्याची पात आणि भाकरी झाली. मनी लांबून बघत होती. “डाक्टरला दात दाव,” म्हटल्यावर पळाली. सुमन भिंतीला टेकून बसलेली, ओठ पांढरे.

“गोळ्या घे गं ताईंच्या,” मी म्हटलं. “गोळ्यांनी काही होत नाही.”

“तिला सांगून दमले मी,” पार्वताबाई म्हणाल्या. “म्हटलं, माती खाऊ नको असं सांगितलं व्हतं, गोळी खाऊ नको असं नाय! पण एकदा चटका बसलेलं माणूस...”

“माझाच दोष हाय ना,” सुमन हसून म्हणाली. “मग मीच नको का जपाया?”

तेवढी फट माझ्यासाठी होती. मी तोंड उघडलं. आणि पार्वताबाई म्हणाल्या, “डाक्टर, तुमच्यासारखा माणूस घरी येतो, दुसऱ्या कोन डाक्टरचे पाय लागलेत या मळ्याला?” मी भाकरीचा तुकडा मोडला. परत आलो तेव्हा स्कूटरच्या पुढच्या बाजूला मेथीच्या जुड्या होत्या आणि माझ्यापाशी ते वाक्य तसंच होतं.

गोळ्या शेवटी ताईंनीच तिच्या गळी उतरवल्या, रोज माणूस पाठवून. दाढेचं मात्र मी केलं. सातव्या महिन्याच्या आत, ताईंना शेजारी उभं करून, आधी फोटो घेऊन, मग जागा सुन्न करून काढली. त्या दिवशी शिशाचा अंगरखा पहिल्यांदा पेशंटच्या अंगावर गेला. दाढ निघाल्यावर ताई म्हणाल्या, “झालं? एवढ्याचसाठी तुम्ही दातवाले माझ्या बायकांना परत लावत होतात? चल, आता विचारूच या सगळ्यांना.”

यालाच पुढं आम्ही संशोधन म्हणू लागलो. खरं म्हणजे ते दोन खुर्च्या आणि पुष्कळ गप्पा होत्या. ताईंच्या वॉर्डात बाळंतिणींपाशी दुपारच्या वेळी बसायचं आणि विचारायचं: दिवस राहिल्यावर दात, हिरड्या दुखल्या का, रक्त यायचं का, काय केलं, कुणाकडे गेलात? पहिल्या बाईला मी विचारलं, “दाताचं काही नाही ना?” ती म्हणाली, नाही. ताईंनी कपाळावर हात मारला. “अरे शहाण्या, ‘नाही’ तूच तिच्या तोंडात घालतोस. आणि सासूला बाहेर घालव आधी!”

सासू बाहेर गेली आणि तीच बाई बोलायला लागली. मग एकेक जण बोलली. सातपूरच्या कामगाराची बायको, आडगावची शेतकरीण, बौद्ध वसाहतीतल्या एक शाळामास्तरीणबाई. कुणाच्या हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून तिनं घासणंच सोडलं होतं. कुणाला डॉक्टरनं परत पाठवलं होतं. आणि पुष्कळ जणींनी तेच केलं होतं जे पार्वताबाईंनी केलं. शाळामास्तरीण म्हणाल्या, “खरं सांगितलं की औषध मिळत नाही, सर. मग आम्ही खरं कशाला सांगू?” मी ते लिहून घेतलं. आमच्या नियमानं पोटातल्या पोरांचं रक्षण केलं नव्हतं. त्यानं बायकांना खोटं बोलायला शिकवलं होतं आणि आम्हाला आंधळेपणानं औषध द्यायला.

दवाखान्याच्या दारावर मग पाटी लागली, की गरोदर बायांना आधी तपासलं जाईल, थांबावं लागणार नाही. त्याचा परिणाम असा, की नंबर लवकर लागावा म्हणून कुणीही पोट पुढं काढायला लागलं. एकदा श्रीपत आत येऊन गंभीरपणे म्हणाला, “साहेब, पार्वताबाई म्हणतात त्यांनाही दिवस आहेत.” बाहेरून आवाज आला, “कवळीला तडा गेलाय रे मेल्या! दोन जिवांची नाय तर काय, एक मी आन् एक ही!”

आणि मग ती सभा. ताई म्हणाल्या, हे तुझ्या लोकांसमोर मांड. मांडलं. निबंध कोरडा होऊ नये म्हणून एक उदाहरण हवं होतं. मनीचं घातलं, डॉक्टरचं नाव न घेता. व्यवसायबंधू म्हणालो. टाळ्यांनंतर मागच्या रांगेतून एक म्हातारे दंतवैद्य उठले. त्यांनी शास्त्रातलं काही विचारलं नाही. “त्या व्यवसायबंधूनं त्या आईला सांगितलं का, की तिची चूक नव्हती?”

मी म्हणालो, “हो.”

“मग ठीक,” असं म्हणून ते खाली बसले. व्यासपीठावर माझ्या शेजारी असलेल्या ताईंनी माझ्या पाठीवर थाप दिली. आपल्या घामाचा वास आपल्याला येतो तसा त्या क्षणाचा वास मला अजून येतो.

दरम्यान सुमनच्या मुलाला दात आले. स्वच्छ, पांढरे, तांदळाच्या दाण्यांसारखे. येणारच होते. पण पार्वताबाईंना पुरावा मिळाला. “बघा डाक्टर! यावेळी माती नाय खाल्ली, तर पोराचे दात कसे हायेत!” सुमननंही मान डोलावली. तिनं इतकं जपलं होतं, आणि त्या जपण्यानंच तिच्यावरचा आरोप पक्का केला.

मनीचे दुधाचे दात यथावकाश पडले. पुढचे पांढरे आले; तेवढा माझा शब्द खरा ठरला. आता ती वरच्या वर्गात आहे, मोठ्यानं हसते. तोंडावर हात मात्र अजून जातो, सवयीनं. तिच्यापुरतं म्हणाल तर नुकसान निघून गेलं. सुमनचं गेलेलं नाही. घरात कुणाला दिवस गेले की तिला अजून ऐकवतात. मायेनंच ऐकवतात, म्हणून त्याला उत्तरही देता येत नाही. यंदाही पार्वताबाई आल्या होत्या, सुमनच्या हातात टोपली. बाकावर एक पहिलटकरीण बसली होती. पार्वताबाईंनी तिला जवळ ओढून सांगितलं, “माती खाऊ नको गं बाय. आमच्या सुमीनं खाल्ली, पोरीचे दात काय झाले व्हते, इचार तिला.” सुमन म्हणाली, “हो ना. वेड्यासारखं केलं मी.” मी दारात उभा होतो. श्रीपतनं पुढचं नाव पुकारलं आणि मी आत वळलो.

हा लेख सुमनच्या हाती पडेल अशी आशा धरून मी लिहिलेला नाही. ती सातवीपर्यंत शिकली आहे, वाचू शकेल. पण कागदाकडून काम करून घेणं म्हणजे पुन्हा दारातून आत वळणंच. पार्वताबाई आता थकल्या आहेत. त्यांच्यासमोर बोलायचं तर फार वेळ उरलेला नाही.

सुमनला, तिच्या सासूबाईंसमोर आणि मनीसमोर, मी एवढं सांगणं लागतो: मुलीचे दात मी दिलेल्या औषधानं तसे झाले, तू खाल्लेल्या मातीनं नाही; मनीचे दात पाहिले त्याच दिवशी मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो. हे मी अजून तिला सांगितलेलं नाही.